डब्यातला परका स्क्रू

एक

सकाळी दहा वाजता दीडसूतांच्या डब्यात एक परका स्क्रू सापडला, आणि दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांनी धंदा कायमचा बंद करायचं ठरवलं. आता तुम्ही म्हणाल, एका स्क्रूसाठी एवढं? तर हो, एका स्क्रूसाठीच. सगळं नीट ऐका म्हणजे कळेल.

दीडसूत हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चाळीस वर्षं दुरुस्तीच्या धंद्यात गेली, आणि कुठलाही स्क्रू नुसता चिमटीत धरून "दीड सूत", "दोनला जरा कमी" असं माप सांगायची त्यांना खोड. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, जुन्या कारागिरांचं माप. गल्लीनं त्या खोडीचंच नाव करून टाकलं. आता तर बायकोही रागावली की नुसतं "अहो" न म्हणता "अहो दीडसूत" म्हणायची.

घराच्या पुढच्या खोलीत खिडकीला लागून त्यांचं टेबल होतं. टेबलावर एक पांढरी बशी आणि एक पत्र्याचा डबा. मोडकी वस्तू उघडली की तिचे स्क्रू बशीत पडत, वस्तू जोडून झाली की बशी रिकामी होई. बशी रिकामी म्हणजे काम पुरं. डब्यात असायचे ते विकत आणलेले सुटे स्क्रू आणि वॉशर, आणि बशीतला स्क्रू कधीही डब्यात टाकायचा नाही हा त्यांचा कायदा होता. चाळीस वर्षांत तो एकदाही मोडला नव्हता.

त्या दिवशी ते एका इस्त्रीची मूठ बसवणार होते. इस्त्री उघडण्याआधी एक नवा स्क्रू हाताशी असावा म्हणून न बघता डब्यात हात घातला, आणि बोटं थबकली. आखूड, जाड, बारीक आट्यांचा, चपट्या डोक्याचा स्क्रू. डब्यातल्या एकाशी त्याचं नातं जुळत नव्हतं. उजेडात धरला तर डोकं भांडं घासावं तसं लखलखीत आणि बाकी अंग काळपट. बुडाला एक चिमुकला वॉशर लटकून आला होता, तो त्यांनी झटकून परत डब्यात टाकला.

"हा आपला नाही," ते पुटपुटले. पण बोटं वेगळंच सांगत होती. बोटं म्हणत होती, हा आपण धरलाय, एकदा का होईना धरलाय. कधी आणि कुठं, ते डोकं काही सांगेना. आणि तिथंच दीडसूतांच्या छातीत धस्स झालं.

कारण त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. दादा त्यांचा भाऊ आणि गुरूही. त्यांच्याच हाताखाली दीडसूत हे काम शिकले. एक दिवस दादांच्या बशीत तीन स्क्रू उरले आणि ते साळसूदपणे म्हणाले, "हे कुणाचे रे?" तिथून सुरुवात झाली. आठ महिन्यांपूर्वी दादांची मुलगी येऊन त्यांना आपल्या घरी घेऊन गेली, तेव्हा त्यांना पेचकस कशाला म्हणतात तेही आठवत नव्हतं. त्या दिवसापासून दीडसूतांनी मनाशी गाठ मारली होती: आपल्या हातून एक स्क्रू उरला, की पेचकस खाली.

आणि हा बघा, उरला. बशीतून निसटून डब्यात गेला, आणि आपल्याला पत्ता नाही.

त्यात समोरच्या घरातून टेलरताईंच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता. रोजची ती टकटक, पण आज मध्येच एक बारीक 'टिक' ऐकू येत होती. "घ्या," दीडसूत मनात म्हणाले, "आता कानही चालले."

मग त्यांना खरी गोष्ट आठवली आणि ते ताडकन उठले. कालच्या दिवसात तीन वस्तू दुरुस्त झाल्या होत्या, आणि तिन्ही आज सकाळीच आपापल्या घरी गेल्या होत्या. वाण्याचा वजनकाटा, न्हाव्याचा पंखा, आणि जुळ्या बाळांची बाबागाडी.

दोन

"थांबा भावोजी, चप्पल उलटी घातलीत," आतून आवाज आला.

ही त्यांची मेहुणी. तीस वर्षं मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत नर्स होती. निवृत्त झाली तरी जग तिला सिस्टरच म्हणायचं, आणि बायकोची बहीण म्हणून दीडसूतही हक्कानं तेच म्हणायचे. ताईनं बोलावलं म्हणून ती चार दिवस राहायला आली होती. तिनं एका नजरेत त्यांचा चेहरा, मूठ आणि मुठीतला स्क्रू पाहिला.

"काय उरलंय?" तिनं विचारलं.

दीडसूतांनी सगळं सांगितलं. दादांचंही सांगितलं. सिस्टर हसली नाही.

"आमच्याकडे सगळं मोजून झाल्याशिवाय पोट शिवायचं नाही, असा नियम होता," ती म्हणाली. "एक कात्री कमी भरली तर मोठे डॉक्टरसुद्धा हात वर करून उभे राहायचे. इथं उलटं झालंय. आत राहायचं ते बाहेर आलंय. चला, आधी पेशंट, मग पंचनामा. सगळ्यात धोक्याचं काय?"

"बाबागाडी."

खिडकीत बायको विणकाम घेऊन बसली होती. गेले आठ महिने तोच निळा स्वेटर चालला होता, आणि तो काही कोपराच्या पुढं सरकत नव्हता. बाजूला एका कागदावर पेन्सिलीनं टाके लिहिलेले होते: चौदा, सहा, नऊ. दीडसूतांची ही धांदल बघून तिनं सुया खाली ठेवल्या.

"इतकं पळू नका हो. तिन्ही वस्तू ठीक आहेत," ती म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं!" दीडसूत खेकसले. बायकोनं पुन्हा सुया उचलल्या. सिस्टरनं मात्र जाता जाता एकदा ताईकडं वळून पाहिलं. नवऱ्याच्या जिवाचं पाणी होतंय आणि ही टाके मोजतेय, याचं तिला नवल वाटलं.

जुळ्यांचे आजोबा बागेतच सापडले. बाक सावलीत होता, आजोबा पेंगत होते, आणि बाबागाडी उताराच्या तोंडाशी उभी होती. आपण साठी ओलांडली आहे हे दीडसूत त्या क्षणी विसरले आणि धावत जाऊन त्यांनी गाडीची मूठ पकडली. दोन्ही बाळांनी एकदम भोकाड पसरलं.

"अहो, चोर चोर!" आजोबा दचकून उठले. "अरे, तुम्ही होय! पैसे तर दिले ना सकाळी?"

"एक मिनिट द्या," म्हणत दीडसूत गुडघ्यावर बसले आणि गाडीच्या खाली डोकं घालून बोटानं मोजू लागले. सिस्टरही वाकली. प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर गुलाबी रंगाचा ठिपका होता.

"हे काय?"

"नेलपॉलिश. तुझ्या ताईचं. तिच्या बाटलीत तळाला राहतं ते मी वापरतो. स्क्रू पक्का बसतो, आणि कुणी उघडला तर ठिपका फुटतो, म्हणजे लगेच कळतं." त्यांचं मोजून झालं. "चौदाच्या चौदा आहेत."

दीडसूत तिथंच गवतावर बसले. आजोबांनी विचारलं, झालं काय? सिस्टर म्हणाली, "काही नाही, सर्व्हिस आहे. फुकट." बाळं तेवढ्यात हसायलाही लागली होती. पण अजून दोन वस्तू बाकी होत्या.

तीन

वाण्याच्या दुकानात गर्दी होती. तरी दीडसूतांनी काटा उचलून उलटा केला, तेव्हा वाणी कळवळला. "काका, गिऱ्हाइकांसमोर काटा उलटा नका करू हो! लोकांना वाटेल मीच काहीतरी केलंय!"

"सहा," दीडसूत म्हणाले. सगळे गुलाबी, सगळे शाबूत. त्यांनी काटा सरळ ठेवला. सिस्टरनं रांगेतल्या लोकांना सांगितलं, "काटा एकदम खरा आहे हो, तपासला आम्ही," तेव्हा वाण्यानं खूश होऊन दोघांना पाणी पाजलं.

राहिला न्हावी. त्याच्या दुकानात एक गिऱ्हाईक तोंडाला साबण फासून बसलं होतं आणि पंखा कोपऱ्यात झोकात फिरत होता. दीडसूतांनी बटण बंद केलं आणि जाळीवरून बोट फिरवलं. एक, दोन, पाच, सात, आठ.

पुन्हा मोजले. आठच भरले. नववं भोक उघडं होतं, आणि त्याच्या कडेला गुलाबी रंगाचा एक ओरखडा होता.

"नऊ हवेत," दीडसूत म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "सिस्टर, हाच तो. पंखा फिरताना जाळी सुटली असती, पातं या माणसाच्या तोंडावर आलं असतं. संपलं माझं."

साबण फासलेलं गिऱ्हाईक खुर्चीतून अर्धं उठलं.

चार

"काका, काका, काय झालं?" न्हावी वस्तरा खाली ठेवून आला. "तो होय! तो मीच काढला."

"तू?"

"मग! खुर्चीची पाय ठेवायची पट्टी हलत होती हो सकाळी. म्हटलं पंख्याला नऊ आहेत, एकानं काय अडतंय?" आणि त्यानं खुर्चीखाली बोट दाखवलं. पट्टीच्या कडेला गुलाबी डोक्याचा स्क्रू ऐटीत बसला होता.

दीडसूतांचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्या पडल्या त्यांना असा राग आला की विचारू नका. "एकानं काय अडतंय? अरे, मी नऊ लावतो ते काय शोभेला? उद्या तुझ्या वस्तऱ्याची मूठ मी काढून नेतो, म्हणतो एका मुठीनं काय अडतंय!" त्यांनी खिशातून पेचकस काढला, स्क्रू पंख्याला परत लावला, आणि खुर्चीसाठी दुसरा पाठवतो म्हणाले. गिऱ्हाइकानं सुटकेचा श्वास सोडला, त्यात साबणाचा एक फुगा उडाला.

रस्त्यावर आल्यावर मात्र दीडसूत हळू चालायला लागले.

"तिन्ही पेशंट बरे आहेत, मग आता तोंड का पडलंय?" सिस्टरनं विचारलं.

"तिन्ही पूर्ण आहेत म्हणूनच. मग हा आला कुठून?" त्यांनी मूठ उघडली. "माझ्या डब्यात माझ्याशिवाय कोण हात घालतं? म्हणजे मीच कुठून तरी आणला आणि टाकला, आणि मला ते आठवत नाही. हातानं धरल्याचं आठवतंय आणि प्रसंग आठवत नाही. दादांचं अगदी असंच होतं गं."

सिस्टरनं त्यांच्या हातातून स्क्रू काढून घेतला आणि रुमालात गुंडाळला.

"भावोजी, तीस वर्षांत मी एक शिकले. घाबरलेल्या माणसाचं निदान घाबरलेल्या माणसानं करायचं नाही. घरी चला. पुरावा धुवायचा राहिलाय."

पाच

घरी सिस्टरनं टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, कापूस ओला केला, आणि एखाद्या जखमेची पट्टी सोडावी तशा हलक्या हातानं स्क्रू पुसायला घेतला. बायकोनं चहा आणून ठेवला आणि जवळच उभी राहिली.

"डोकं लखलखीत का?" सिस्टरनं विचारलं.

"काहीतरी त्याच्यावरून सतत घासत गेलंय," दीडसूत म्हणाले. धंद्यातला प्रश्न आला की त्यांचा आवाज ताळ्यावर येई. "लोखंड घासलं असतं तर चरे पडले असते. हे मऊ काहीतरी आहे. आणि खाचेच्या दोन्ही कडा चावल्यासारख्या झाल्यात. पेचकसानं असं होत नाही. कुणीतरी नाण्यानं नाही तर कात्रीच्या टोकानं उघडलाय."

"म्हणजे उघडणारे तुम्ही नव्हे."

दीडसूतांनी वाकून खाच पुन्हा पाहिली. हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

खाचेतला मळ निघाला आणि तळाशी रंगाचा एक कण दिसला. गडद, किरमिजी.

"नेलपॉलिश," सिस्टर म्हणाली. "पण बाबागाडीवर गुलाबी होतं. ताई, किरमिजी कधी होतं गं तुझ्याकडं?"

"अगं, तुझ्या मुलीच्या लग्नात तूच नाही का दिलीस बाटली?" बायको म्हणाली. "एकदा लावलं मी, मला काही ते शोभेना. मग यांनी टेबलावर नेली. महिन्याभरात संपवली. त्यानंतर केशरी, आणि आता गुलाबी."

"लग्नाला तीन वर्षं झाली. म्हणजे भावोजी, हा स्क्रू तुम्ही धरलात हे खरं, पण तीन वर्षांपूर्वी, एकदाच, आणि चोख बसवलात. तीन वर्षांपूर्वीचा एक स्क्रू आठवत नाही याला आजार म्हणत नाहीत. मला तर परवाचं जेवण आठवत नाही."

दीडसूतांना हसू आलं, पण ते अर्ध्यावरच थांबलं. कारण सिस्टरनं स्क्रू डब्यातल्या स्क्रूंशी ताडून बघायला आत धरून वर उचलला होता, आणि त्याला पुन्हा एक वॉशर चिकटून आला होता.

"सकाळीही आला होता," दीडसूत सावकाश म्हणाले. "मी झटकून टाकला. गाढव मी! याला लोहचुंबकाचा गुण लागलाय. माझ्या टेबलावर लोहचुंबक नसतो, कधीच. मी घड्याळं करतो ना, त्यांची केसासारखी स्प्रिंग बिघडते त्यानं. म्हणजे हा स्क्रू एखाद्या लोहचुंबकावर पडून होता."

"लोहचुंबक कोण वापरतं या गल्लीत? टाचण्या गोळा करायला?" सिस्टरनं विचारलं.

"आणि ज्याच्यावरून दिवसभर कापड सरकतं असं यंत्र कुणाकडं आहे?" दीडसूत म्हणाले. बोलता बोलता त्यांना आठवलं, पूर्ण आठवलं. नेहमीचा मशीनवाला गावाला गेला होता, लग्नसराई होती, टेलरताई रडकुंडीला आल्या होत्या, आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं एक शिलाई मशीन उघडलं होतं. "सुईखालच्या पत्रीचा, म्हणजे कापडाखालच्या पट्टीचा स्क्रू! पत्रीला दोनच असतात. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

समोरून मशीनचा आवाज येत होता. टकटक टकटक, टिक.

"सिस्टर, तुला ऐकू येतंय का? ती टिक?"

"सकाळपासून ऐकतेय. मला वाटलं मशीनच तसं आहे."

"तसं नाही. पत्री एका बाजूनं उचलतेय. सुई तिच्या कडेला लागतेय." दीडसूत उठले. "सुई तुटली तर सरळ डोळ्यात..."

समोरून "आई गं!" अशी किंकाळी आली, आणि मशीन थांबलं.

सहा

टेलरताई खुर्चीत मागं रेलून बसल्या होत्या आणि दोन्ही हातांनी चष्मा धरला होता. चष्म्याच्या उजव्या काचेवर बारीक तडा होता. सिस्टरनं आत पाऊल टाकताच त्यांचं तोंड उजेडाकडं वळवलं, चष्मा काढला, पापणी उचलून पाहिली.

"डोळा ठीक आहे. काचेनं झेललं. काच नसती तर मात्र कठीण होतं."

"सकाळपासून तिसरी सुई हो ही!" टेलरताई धापा टाकत म्हणाल्या. "मला वाटलं दुकानदारानं हलक्या सुया दिल्या. भांडायला जाणार होते त्याच्याशी."

दीडसूतांनी सुईखालच्या पत्रीवर अंगठा दाबला. एक कड खाली गेली आणि दुसरी वर आली. एका भोकात किरमिजी कण असलेला स्क्रू होता. दुसरं भोक रिकामं होतं. त्यांनी सोबत आणलेला स्क्रू त्यावर ठेवला, दोन बोटांनी फिरवला, आणि तो आपल्या घरी गेल्यासारखा अलगद आत उतरला.

"हे मशीन कुणी उघडलं?"

"कुणी नाही! तुम्ही म्हणाला होतात ना, माझ्याशिवाय उघडू नका म्हणून. मी हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात आतलं दार करकरत उघडलं आणि टेलरताईंचा नवरा बाहेर आला. तो बस चालवायचा. कालची त्याची सुट्टी होती, आज दुपारची पाळी. तो अंगात गणवेश चढवून आला होता, पण खोलीतली माणसं पाहून तो उंबरठ्यातच थबकला. सिस्टरनं त्याच्याकडं नाही, दाराकडं पाहिलं.

"ड्रायव्हरभाऊ, दार फार करकरतंय. काल तेल नेलंत ते नाही का घातलं?"

दीडसूतांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काल दुपारी हा माणूस टेबलाशी आला होता. म्हणाला, दार करकरतंय, थोडं तेल द्या. बायको आत चहा करत होती, आणि दीडसूत तेलाची बाटली काढायला कपाटाकडं वळले होते. तेल नेलं, पण दार तर अजून करकरतंय.

ड्रायव्हरभाऊंनी डोक्यावरची टोपी काढली. एवढा धिप्पाड गडी, पण परीक्षेत नापास झालेल्या पोरासारखा उभा होता.

"काल ही कपडे द्यायला गेली होती," तो म्हणाला. "म्हटलं, आल्यावर मशीन चकचकीत दिसलं की खूश होईल. कात्रीनंच उघडलं. स्क्रू हरवू नयेत म्हणून टाचण्यांच्या लोहचुंबकावर ठेवले, एवढी अक्कल चालवली. सगळं लावलं, मशीन चाललं पण. आणि मग टाचण्यांतून हा एक निघाला. कुठला ते कळेना. एवढ्यात ही येताना दिसली. घाबरलो, खिशात टाकला. मग वाटलं, काकांच्या डब्यात हजार स्क्रू, त्यात एक हजार एकावा कुणाला कळणार?"

"मला कळतो," दीडसूत म्हणाले.

"हात दाखवून अवलक्षण!" टेलरताई कडाडल्या. "माझा डोळा गेला असता! एक स्क्रू उरला म्हणून सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं का मी तुम्हाला?"

"तू हसली असतीस. सगळ्या डेपोत सांगितलं असतंस."

टेलरताई काही बोलणार होत्या, पण त्यांना खरंच हसू फुटलं. हसता हसता डोळ्याला पदर लावला, आणि त्या डोळ्याला काही झालं नाही याचा आनंद सगळ्यांच्याच तोंडावर दिसायला लागला. ड्रायव्हरभाऊंनी दीडसूतांचे पायच धरले. "काका, माफ करा. तुम्हाला विनाकारण त्रास दिला."

सकाळपासून आपण किती भ्यालो होतो, हे या माणसाला कसं सांगणार? दीडसूतांनी त्याला उठवलं. राग यायला हवा होता, पण राग काही येईना. उलट या माणसाला मिठी मारावी असं वाटत होतं. स्क्रू उरला होता खरा, पण तो ड्रायव्हरभाऊंच्या हातून उरला होता, आपल्या नव्हे.

"पुन्हा उघडायचं झालं तर मला हाक मारा," ते एवढंच म्हणाले. "आणि ते तेल दाराला घाला आता."

सात

परत आले तेव्हा बायको खिडकीत विणकाम घेऊन बसली होती. काय झालं ते सिस्टरनं तिखटमीठ लावून सांगितलं. बायको हसली, पण तिला मुळीच नवल वाटलं नव्हतं. सिस्टर तिच्यासमोर बसली आणि तिनं बाजूचा कागद उचलला.

"ताई, मीही विणते. चौदा, सहा, नऊ. हा कसला स्वेटर गं? नऊ टाक्यांत तर बाहुलीची बाहीसुद्धा होत नाही."

बायकोच्या सुया थांबल्या.

दीडसूतांनी कागद हातात घेतला आणि आकड्यांवरून बोट फिरवलं. "बाबागाडीचे चौदा," ते म्हणाले. "काट्याचे सहा. पंख्याचे नऊ." कागद उलटला. मागं आदल्या आठवड्याचे आकडे होते. लोकरीच्या पिशवीत असे कागद गठ्ठ्यानं होते, प्रत्येकावर तारीख, वस्तू, बशीत किती पडले, बशीतून किती गेले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दादांना न्यायला त्यांची मुलगी आली त्या दिवसापासून. त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, माझं असं व्हायला लागलं तर तू मला सांगशील ना? मी हो म्हटलं." बायको लोकर गुंडाळत होती, वर बघत नव्हती. "आता सांगायचं म्हणजे आधी मला कळायला नको? म्हणून इथं बसायला लागले. हिलाही त्यासाठीच बोलावलं, पण अजून सांगितलं नव्हतं. म्हटलं, माझं मोजणं चुकत असेल, हिची नजर तयार आहे."

"मग?" दीडसूतांनी कागद खाली ठेवला. "किती चुकले माझे?"

"एकही नाही. आठ महिने झाले. एक उरला नाही की एक कमी पडला नाही."

दीडसूत खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. किती तरी दिवसांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला.

थोड्या वेळानं ते म्हणाले, "मग सकाळी का नाही बोललीस? मी गावभर पळत सुटलो."

"बोलले की! तिन्ही ठीक आहेत म्हणाले. तुम्हीच म्हणालात, तुला काय कळतं त्यातलं."

सिस्टर इतकी हसली की तिला ठसका लागला. दीडसूतांनी कान पकडले, अगदी दोन्ही.

"आता तरी थांबवशील का मोजायचं?"

"मुळीच नाही. शब्द दिलाय."

"बरं," दीडसूत म्हणाले. त्यांनी सकाळची इस्त्री पुढं ओढली, पांढरी बशी पुसून जवळ ठेवली आणि पेचकस उचलला. "पण आजपासून मनात नको. मोठ्यानं मोज."

पहिला स्क्रू सुटला आणि बशीत टण् करून पडला.

"एक," दीडसूत म्हणाले.

"एक," खिडकीतून आवाज आला.